कवळी भेंडी बोटाले समजते

बुलढाणा,
१० सप्टेंबर २०२५

ती. माय,

लांबूनच पाया पडते. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. शेजारचा गोपाल वाचून दाखवेल. गोप्या, मधलं काही गाळायचं नाही, सांगून ठेवते!

इकडे सगळे बरे. कॉलेजात मला 'डिझाइन थिंकिंग' शिकवायला दिलंय. म्हणजे आधी माणसाचं ऐकायचं, वस्तू मग करायची. माझी मेकॅनिकलची पोरं, आर्ट्स कॉलेजची काजल आणि आयटीआयच्या शिवणवर्गातल्या मुली, अशी एकच टोळी केली आणि गेलो भेंडीच्या वावरात.

आमचा प्रसेनजित फॉर्म घेऊन उभा. "भेंडी तोडताना आपणास कोणत्या समस्या येतात?" बाया एकमेकींकडे बघतात. "काही नाही जी सर." अर्धा तास तेच! होणारा इंजिनिअर घामाघूम.

मग काजल खाली बसली. "मावशी, हात काऊन खाजवून राह्यल्या वो?"

अगं माय, काय सांगू! सगळ्या एकदम सुटल्या. लव टोचते, कोपरापर्यंत आग होते. "एका सायबानं हातमोजे देल्ले होते, फेकून देल्ले. कवळी कोणती, निबर कोणती, थे बोटालेच समजते ना!"

मी तर उडालेच! पोरांनी भेंडी तोडायचं बॅटरीवरचं यंत्र काढून ठेवलं होतं कागदावर. प्रसेनजितनं स्वतःच तो कागद फाडला. मुलींनी कोपरापर्यंत हातमोजा शिवला, अंगठा आणि दोन बोटांची टोकं उघडी. चारदा उसवला. आता बाया तो परत द्यायला तयार नाहीत!

त्या दिवशी मी पोरांना म्हटलं, "ऐकायला शिका रे." आणि घरी येऊन रडले. वास्तुशांतीला तू आमच्या प्राचार्यांशी बोलायला लागलीस आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आई, तू आत बस." माय सुद्धा नाही म्हटलं. मला तुझ्या बोलीची लाज वाटली. दुसरं काहीच कारण नव्हतं. तू न जेवता जानेफळची बस धरलीस.

शनिवारी कॉलेजात प्रदर्शन आहे. परीक्षक म्हणून मी तुझं नाव दिलंय, सत्यभामाबाई, भेंडीवाल्या. तीस वर्षं भेंडी तोडलेला दुसरा हात माझ्या ओळखीचा नाही.

ये वो माय. मोजा घालून पाहाय, अन् जे वाटते थे माईकवर बोल, आपल्याच बोलीत. मोजा चुकला असंन तं सांग. मी चुकली, थे मी तुह्या आधी सांगीन, सगळ्यायसमोर.

तुले गप बसवणारी, तुहीच पोरगी,
संजीवनी