दोन थापा

प्रिय ताई,

तुला हसू येईल, पण इथे पोरी मला सर म्हणतात. दहावीला दोनदा आपटलेला मी, आणि नर्सिंगच्या कॉलेजात शिकवतो. फळ्यासमोर उभा राहून नाही, खाटेवर पडून. आधी मी इथे फरशी पुसायचो, त्याआधी एका जहाजावर बटाटे सोलायचो. पण ते जाऊ दे, बटाट्यांची गोष्ट लांबेल. तर एकदा वर्गातली सरावाची रबरी बाहुली फाटली, आणि मुख्य बाईंनी माझ्या हातातली बादली काढून घेऊन मला खाटेवर झोपवलं. तेव्हापासून मी पेशंट.

साधा नव्हे, अंगावर येणारा. भूल उतरताना खवळलेला, दारू तुटल्यावर पिसाळलेला, बायको दगावल्याचं नुकतंच कळलेला. मी केस धरतो, चावायला जातो, सलाइनचा खांब फिरवतो, गळा आवळतो. पोरींनी हनुवटी खाली घेऊन, न किंचाळता सुटायचं. एकीने सुटताना माझं नाक फोडलं आणि रक्त पुसता पुसता माझ्याकडूनच शाबासकी वसूल केली. बरगडीवरचा निळा डाग आता कायमचा झालाय. बाई म्हणतात, इथे मार खाल्लेली मुलगी वॉर्डात मार खात नाही. बाई अगदी तुझ्यासारख्या, सकाळी सातला कडक इस्त्रीत उभ्या, आणि माझा शर्ट बाहेर आला की बोलत नाहीत, नुसत्या बघतात.

नियम एकच. सहन होईना की मुलीने हाताला लागेल त्यावर, खाटेवर नाहीतर भिंतीवर, दोन थापा मारायच्या. थापा ऐकल्या की मी लगेच सैल.

गेल्या बुधवारी एक नवी होती. बारकी, चष्मेवाली, हट्टी. मी उठून दाराकडे निघालो, तर ती शिकवल्याप्रमाणे बाजूला व्हायचं सोडून दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "असं जाता येणार नाही." ताई, मी तिला भिंतीवर आपटलं. ट्रे पडला, कात्र्या घरंगळल्या. तिची दोन्ही मनगटं धरून मी पिळत होतो आणि थापांची वाट बघत होतो. थापा येईनात. मला वाटलं, पोरगी चिवट आहे, शिकतेय. दोन्ही हात माझ्याकडे, मग ती थाप मारणार कशाने? हे डोक्यात आलं ते तिच्या मनगटातून आवाज आल्यावर. बाईंनी मागून माझी मान धरून मला फरशीवर दाबलं, तेव्हा कुठे माझी बोटं सुटली.

तो आवाज मी आधी ऐकला होता. तूही.

बाबा अंथरुणाला खिळलेले, त्यांची कूस बदलायला दोघं लागायची, आणि तुझं नर्सिंगचं शेवटचं वर्ष. घर सोडायला मी पिशवी खांद्याला लावली आणि तू दारात उभी राहिलीस. मी आधी तुझ्या थोबाडीत मारली. तू हलली नाहीस. मग हात पिरगाळला, आणि तू खाली बसलीस तशी तुला ओलांडून मी गेलो. पुढे मावशीकडून कळलं, तू सगळ्यांना सांगितलंस, जिन्यावरून पडले. मला हायसं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण हायसंच वाटलं. सहा वर्षं मीही मनाशी तो जिनाच धरून बसलो.

चष्मेवालीचा हात प्लास्टरमध्ये आहे. तिने तक्रार लिहिली आणि मलाच वाचून दाखवली, काही चुकलंय का म्हणून. काही चुकलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "सोमवारी वर्गापुढे उभा राहा. मारणाऱ्याच्या डोक्यात तेव्हा काय असतं, ते खरं सांग. जमत नसेल तर सामान आवर." माझ्या पायाला भिंगरी, तुला माहीतच आहे. अर्धी पिशवी भरलीही होती. मग रिकामी केली.

सोमवारी मी तुझं सांगणार आहे. पण पंचवीस परक्या पोरींना कळायचं आणि आपल्या आईला नाही, हे मला पटेना. म्हणून सोबत आईसाठी चिठ्ठी ठेवलीय, पाकीट न चिकटवता. जिना नव्हता, मी होतो, एवढंच आहे तीत. द्यायची की फाडायची, ते तू ठरव. वर्गात पहिला प्रश्न ती चष्मेवालीच विचारणार, त्या ताईचा हात पुढे पूर्ण वळला का. हे पत्र तोवर तुला पोचणार नाही. मला माहीत नाही, असं सांगेन. सहा वर्षांत मी एकदाही विचारलं नाही, हेही सांगेन. आता विचारतोय.

तुझाच,
भिंगऱ्या