‘नसलेल्या दाराची कडी’ संयोगिताला न देण्याबाबत

मी, शांतादेवी सिद्धराम मगदूम, वय बहात्तर, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कुणी लिहायला भाग पाडलेले नाही. मला भाग पाडणारा माणूस अजून जन्मायचा आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉ. अनुजा यांचा दाखला सोबत जोडला आहे. तो कमी पडला तर दुसरा पुरावा असा, की ‘नसलेल्या दाराची कडी’ ही सहाशे चाळीस पानांची कादंबरी मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली आहे.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव मुलगी रक्षिता हिला. घरामागच्या परड्यातला शेवगा पाडून तिथे गाडी लावावी, असे जावईबापू दोनदा बोलले आहेत. म्हणून घर एकट्या रक्षिताच्या नावावर.

२. उद्यमनगरातला लेथ आणि सगळी हत्यारे पिराजीला. तो आमच्या ह्यांच्या हाताखाली तीस वर्षे राबला. ह्यांचा मायक्रोमीटर मात्र त्याने कुणाला उसना देऊ नये. ह्यांनी मलासुद्धा त्याला हात लावू दिला नव्हता.

३. सोन्याच्या पाटल्या नातीला. माझी जाऊ निर्मला हिने त्या वजनाला हलक्या असल्याचे कुरुंदवाडच्या माझ्या माहेरच्या माणसांसमोर बोलून दाखवले होते. तिने त्या हातात घेऊनही बघू नयेत.

४. आता कादंबरी. ती संयोगिता इंगवले हिला कोणत्याही परिस्थितीत मिळता कामा नये. कारण सविस्तर लिहिते.

संयोगिता आमची शेजारीण, मला वहिनी आणि ह्यांना आण्णा म्हणणारी. कॉलेजात मराठी शिकवायची, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, साडीला कायम इस्त्री. सात वर्षांमागे ह्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ही कादंबरी उचलून आणली. भल्याभल्यांनी हात टेकलेले पुस्तक. त्यात एक वाक्य सत्तावीस पाने चालते आणि एका प्रकरणात नुसते स्वल्पविराम आहेत. वाचनालयाची चाळीस वर्षांची सभासद मी. पण ह्यांनी वाचायला बरोबर घेतली ती संयोगिताला.

रोज संध्याकाळी पाच वाजता दोघे घराच्या पुढच्या सोप्यात खुर्च्या टाकून बसायचे. मी दाराआडून ऐकायची. पान उलटल्याचा आवाज यायचा आणि मग दोघे खो खो हसायचे. मी चहा घेऊन गेले की चिडीचूप. “काय झालं हो एवढं हसायला?” म्हणून विचारले, तर हे म्हणायचे, “तुला न्हाई कळायचं ते, लई अवघड हाय.” अगं बाई! जन्मभर लोखंड तासलेला माणूस मला हे सांगणार? मी जळत होते. लिहायला लाज कसली, अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. अशी तीन वर्षे गेली आणि हे गेले.

महिना व्हायच्या आत संयोगिता पुस्तक मागायला आली. मी म्हटले, शोधते. चार वर्षे शोधतेच आहे. पुस्तक माझ्या उशाखाली आहे.

ह्यांना कशाचे हसू येत होते ते बघावे म्हणून मी ते उघडले. अठ्ठेचाळीस पानांच्या पुढे पाने फोडलेलीच नव्हती. छापखान्यातून आली तशी, कडेला एकमेकांना जोडलेली. म्हणजे पुढचे कुणी वाचलेलेच नाही! मी भाजीच्या सुरीने एकेक पान फोडत दोन वर्षे चार महिन्यांत पुस्तक संपवले. त्यात हसण्यासारखे एक अक्षर नाही. मग तीन वर्षे ही दोघे हसत कशाला होती? हा विचार डोक्यातून जाईना. पूर्वी जळत होते त्याच्या दुप्पट जळू लागले.

वकील म्हणाले, ज्याला काही द्यायचे त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नका, मागाहून भांडणे लागतात. तेव्हाच ठरवले, साक्षीदार संयोगिताच. एकदा सही केली की तिला पुस्तकावर हक्क सांगायला तोंड उरणार नाही.

५. हे कलम आज दुपारी, संयोगिताची सही झाल्यावर लिहीत आहे.

तिने सही केली आणि मी उशाखालचे पुस्तक तिच्यापुढे आपटले. “पुढची पानं फोडलीच न्हवती. मग हसत कशाला होता गं?”

तिने पुस्तक उचलून मांडीवर घेतले. मग म्हणाली, “वहिनी, आण्णांना पहिलं पानसुद्धा झेपत न्हवतं. मलाबी न्हाई. तुम्ही एकदा वाचनालयात चार बायकांत म्हणाला होता की, आमच्या ह्यांना पेपरातलं भविष्य सोडून काय वाचता येत न्हाय. आण्णा तुम्हाला न्यायला आलते. त्यांनी ऐकलं ते.”

“मग?”

“मग काय! पानं उलटायचे आन् मला म्हणायचे, ‘शांता दाराआड हाय. हस जोरात. वाटू दे तिला, मला समजाय लागलंय.’”

मी ते बोलले होते. हसत हसत बोलले होते.

तिला विचारले, मग पुस्तक कशाला हवे होते? म्हणाली, “आण्णांचं राहिलं, ते आपण तरी पुरं करावं म्हटलं.”

तीन वर्षे माझ्या माणसाशेजारच्या खुर्चीत ती बसली, ते मी अजून माफ केलेले नाही आणि करणारही नाही. पण ह्यांनी एकदा, फक्त एकदा म्हणायचे होते, “शांते, वाचून दाखव.” ते सत्तावीस पानांचे वाक्य मी एका दमात वाचून दाखवले असते.

कलम ४ रद्द.

स्थळ : कोल्हापूर
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२४

मृत्युपत्र करणार : शांतादेवी सिद्धराम मगदूम (सही)

साक्षीदार :
१) डॉ. अनुजा आकाराम चौगुले (सही)
२) शालूबाई पोवार, समोरच्या घरातल्या (सही)
३) संयोगिता इंगवले. हे नाव मी स्वतः खोडले आहे, कारण हिला आता पुस्तक मिळायचे आहे. शां. सि. मगदूम