कासूचा कावळा

रोहा, मंगळवार, दिवेलागण

आज कासू गावात तिथल्या नामदेवचा दहावा. मस्कतहून घरी येताना त्याला विमानात धाप लागली, तेव्हा ऑक्सिजनची बाटली घेऊन धावली ती माझी नात सुजाता. त्याच विमानात कामाला. काटा बाटली भरलेली दाखवत होता, पण मास्कात हवा येईना. चावी पिळून पिळून पोरीच्या अंगठ्याची साल निघाली. दुसरी बाटली आणली, ती चालली, पण तोवर उशीर झाला होता.

"आजोबा, दहाव्याला मला जायलाच हवं," म्हणाली. नेलं मी.

खाडीकाठी पिंड ठेवला. कावळे बांधावरच बसून, एकही शिवेना. नामदेवचा थोरला भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "जिच्या हातात जीव गेला तीच म्होरं उभी हाय, शिवंल कसा? जा गो, लांब जा."

ती मान खाली घालून निघाली. लगेच कावळा शिवला. "बघा!" म्हणाले सगळे.

अरे, इतका वेळ पिंडाला खेटून उभे होतात! तिला बघायला सगळे तिकडे सरकले, जागा मोकळी झाली, म्हणून उतरला तो. मला दिसलं होतं. मग का नाही बोललो? मयताच्या घरी वाद नको म्हणून?

आत्ता घरी आल्यावर तिला सांगितलं हे. अंगठ्याची खपली खरवडत ऐकत होती.

"आजोबा, तुम्हीपण त्या बाटलीसारखेच," म्हणाली. "भरलेले. पण वेळेला काही आलंच नाय."