बर्निनाच्या गाडीत मी होते

झ्युरिक, १२ ऑक्टोबर

प्रिय पापा,

गुडघा कसा आहे? लाकडं भरून झाली, की यंदाही पहिला बर्फ पडल्यावरच धावपळ? लीदियाकाकूंनी चेस्टनट दिले असतील. मागच्या वर्षीसारखी बोटं भाजून घेऊ नका. इकडे थंडी सुरू झाली. माझ्या नि सिल्वानच्या लग्नाचा हॉल मेसाठी मिळाला.

इटलीच्या सहलीचं तुम्ही फोनवर विचारलंत, तेव्हा मी घाईनं विषय बदलला. आता नीट लिहिते.

सिल्वानच्या आईची, मार्लीसची, साठी होती. तिनं जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. इटलीत उतरायचं ते गॉथार्डच्या जुन्या घाटानं, की आपल्या बर्निनाच्या रेल्वेनं? "डेलिया, तू तर तिथलीच. तूच सांग बाई!" मी म्हणाले, बर्निनाला गर्दी फार, वर धुकं असतं, हिमनदी तर नावालाच उरलीय. ज्या लाइनीचे रूळ तुम्ही एकतीस वर्षं सांभाळलेत, तिला मी पाच मिनिटांत इतकी नावं ठेवली. सिल्वान हसला, "अगं, माहेरची एवढी बदनामी?" मग हात वर करून मतं घेतली. त्या घरात रविवारचं जेवणसुद्धा मतदानानं ठरतं. सिल्वान आणि त्याचे आईवडील एकीकडे, मी एकटी दुसरीकडे.

ठरलं बर्निनाच. तुम्हाला मात्र मी कळवलं की गॉथार्डनं जातोय.

पापा, मी त्यांना सांगितलं होतं की माझे वडील रेल्वेत साहेब होते आणि आता फारसे कुणाला भेटत नाहीत. एकदा थाप मारली की दुसरी मारावीच लागते. म्हणून सिल्वानला अजून घरी आणलं नाही. "पुढच्या महिन्यात," असं म्हणत दोन वर्षं काढली.

त्या दिवशी पोस्कियावो स्टेशन सोडलं आणि गाडी घंटा वाजवत आपल्या गावच्या रस्त्यातून, घरांना खेटून धावू लागली. खिडकी उघडी होती. तुम्ही दारात उभे होतात. नारिंगी जाकीट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, उजवा हात वर. इतक्या जवळ, की हात बाहेर काढला असता तर तुमची टोपी उचलता आली असती.

"अरे, बघा बघा! गाडीला सलाम ठोकतोय!" मार्लीस फोन काढत म्हणाली. "प्रत्येक गावात असा एक असतोच. डेलिया, ओळखतेस का गं याला?"

मी म्हणाले, "नाही."

आणि हसले. सगळे हसत होते, मीही हसले. मग बूट बांधायला वाकले. बुटाला नाडी नव्हती.

रुळांवर काम करणारी टोळी गाडी आली की बाजूला होते आणि हात वर करते: पाहिलं, सगळे सुखरूप बाजूला आहोत. आई गेल्यापासून तुम्ही दर गाडीला तेच सांगता. हे मार्लीसला समजवायला दोन वाक्यं पुरली असती. ती वाईट नाही. तिनं ऐकलं असतं.

तुम्ही मला पाहिलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. पण रविवारी तुम्ही फोनवर म्हणालात, "गॉथार्डनं गेलीस ते बरं केलंस. मी त्या दिवशी दारात नव्हतोच. गुडघा धरला होता." मी विचारलंसुद्धा नव्हतं, पापा. तुम्ही जन्मात खोटं बोलला नाहीत, आणि बोललात ते मला लाज वाटू नये म्हणून.

काल सिल्वानला सगळं सांगितलं. मग त्यानं एवढंच विचारलं, "आपल्या लग्नात तू त्यांना कुठं बसवणार होतीस?" खरं सांगायचं तर मी अजून तुम्हाला बोलावलंच नव्हतं. हॉल ठरला, पाहुण्यांची यादी झाली, आणि तुमचं नाव मी "नंतर बघू" म्हणून बाहेर ठेवलं होतं.

शनिवारी दुपारच्या गाडीनं येतेय, एकटी. मार्लीसला त्याआधी मी स्वतः सांगेन. माफ करा असं म्हणायचं धाडस नाही. दाराबाहेर थांबेन. तुम्ही उघडलंत तर आत येऊन लग्नाचं आमंत्रण देईन, आणि नाही उघडलंत तर परत जाणाऱ्या गाडीला तुमच्या दारात उभी राहून मी हात वर करेन. बघू दे लोकांना.

रूळवाल्या रेमिजिओची मुलगी,
डेलिया