पोत्याची आण

प्रिय आई,

तू जाऊन अकरा वर्षं झाली आणि तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितो आहे, कारण उद्या रविवारी तुझी आण मोडायची आहे आणि न विचारता मोडायचा धीर होत नाही. सकाळपासून तीनदा कागद घेऊन बसलो, तीनदा उठलो. तुला वाचता येत नसे, म्हणून लिहिता लिहिता मोठ्यानं बोलतो आहे. आतून तुझी सून म्हणाली, "कोणाशी बोलून राहिले जी?" म्हटलं, "पाढे म्हणून राहिलो!"

आण आठवते ना? नागपूरच्या इतवारीत माझ्या नळ-पाइपाच्या दुकानाला पाटी लागली, त्या दिवशी तू माझे दोन्ही हात धुतलेस, पदरानं पुसलेस आणि म्हणालीस, "आता भंगाराच्या पोत्याले हात लावशीन तं माही आण आहे तुले, नामा. अन् कोणी पुसलं तं सांगजो, बापाचं लोखंडाचं दुकान होतं."

बापाचं दुकान! ज्या बापाला मी पाहिलंही नाही, त्याचं! पण ऐकलं तुझं. व्याह्यांना तेच सांगितलं, पोरांना तेच, बायकोलाही तेच. सांगून सांगून मलाच त्या दुकानाची दारं दिसायला लागली.

काटोलकडे एका गावात मी संत्र्याची बाग घेतली, ती तू पाहिली नाहीस. त्या गावात मागच्या वर्षी कोराडीच्या केंद्राची वीज आली. लोकांनी हौसेनं कंदील, चिमण्या, काचा, सगळं उकिरड्यावर फेकलं. उकिरड्याचं खत गाड्या भरून बागेत आलं. आमच्याकडे निंदायला येणारी रुखमा अनवाणी वाफ्यात उतरली आणि काच टाचेत घुसली. पाय सुजला, ताप चढला, महिनाभर बिछान्यात. काच मी हातात घेऊन पाहिली. पातळ, जराशी बाकदार. कंदिलाची. मी पाहताक्षणी ओळखली आणि कोणाला बोललो नाही.

खत माझंच होतं, आई. मग झोप कशी लागावी?

मारुतीच्या पारावर गाव जमवलं. म्हटलं, दर रविवारी घरची काच, टिन, लोखंड इथं आणा. सगळे मिळून निवडू, माझा ट्रक नागपूरला नेईल, येईल त्यातून शाळेवर कौलं टाकू. टाळ्या पडल्या! पहिल्याच रविवारी कमरेएवढा ढीग. पण "चला, निवडू या" म्हटलं, तसे सगळे आपापल्या धोतराचे सोगे सावरू लागले. तरुण मंडळाचा वसंता म्हणाला, "आणून देणं आमचं काम, शेठजी. निवडाले एखादा माणूस लावा ना." सरपंचानं तर कमालच केली: "पहिले कचरा घरोघरी होता. शेठजीनं देवापुढं आणून मांडला!" सगळे हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार?

दुसऱ्या रविवारी रुखमा लंगडत आली आणि एकटीच ढिगाशी बसली. पारावरून आवाज आला, "बस वं रुखमा, तुह्यच काम आहे ते."

माझे कान तूच तयार केलेले. बोलणाऱ्याचा चेहरा दिसला नाही, पण शब्द बरोबर जाऊन लागला. रुखमा बिचारी हिरवी काच पांढरीत टाकत होती, पितळेच्या तोटीवर बिडाच्या ओतीव लोखंडाचा तुकडा ठेवत होती, तेही उघड्या हातांनी. आणि मी इस्त्रीच्या धोतरात उभा! हात शिवशिवत होते. केलं काय, तर ट्रकमधून रबरी हातमोजे मागवले.

ती म्हणाली, "मोजे त ठीक आहे जी शेठजी. पण शिकवन कोण?"

मी म्हटलं, "पाहू."

पाहू! ज्या पोरानं तुझ्या मांडीशी बसून निवडणं शिकलं, तो म्हणतो, पाहू! आणि ट्रकमध्ये चढून निघून आलो. सहा दिवस तो एक शब्द दुकानात, जेवणात, अंघोळीत कानाशी वाजतो आहे.

आई, तू का बांधलंस मला? तुला स्वतःच्या कामाची लाज होती, असं तर कधी दिसलं नाही. धुरानं डोळे गेले, तरी बोल्टानं ठोकून कानानं माल निवडायचीस. "पितळ गाते, बीड खोकते, अन् जर्मनचं भांडं नुसतं बडबडते." रेल्वे यार्डामागचे भंगाराचे व्यापारीसुद्धा तुझ्यापुढं गप्प. मग माझ्याच वेळी का गं लपवलंस? मीही मूर्ख! तू होतीस तोवर विचारलं नाही.

इथवर लिहिलं आणि राहवेना. देव्हाऱ्यामागून तुझा तो बोल्ट काढला, जवळच्या पाण्याच्या गडव्यावर हळूच ठोकला.

आतून आवाज आला, "पितळ आहे. पण खाली चीर गेली त्याले."

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. तुझी सून पोळी लाटत होती, मान वर केली नाही. म्हटलं, "तुले कसं समजलं?"

"सासूबाईनं शिकवलं. वीस वर्षं झाले. म्हणत, नाम्याले आण घातली आहे, तुले नाही. एवढी विद्या काय माह्यासंग जायाची?"

"म्हणजे बापाचं दुकान..."

"ते मले पहिल्याच महिन्यात ठाऊक होतं जी. तुम्ही इतकं रंगवून सांगत, तुमचं मन मोडवत नव्हतं."

आई गं! एकाच घरात दोघींनी मिळून मला शेठ करून ठेवलं होतं.

उद्या गाव काय म्हणेल, ठाऊक नाही. वसंता हसेल. कदाचित बागेला मजूर यायचे नाहीत, व्याह्यांपर्यंत गोष्ट जाईल. पण वचन देतो: उद्या रुखमाच्या शेजारी पोतं अंथरून बसेन. तुझी सून दुसऱ्या बाजूला बसते म्हणाली. आणि कोणी पुसलं, "शेठजी, हे कुठं शिकले?" तर बापाचं दुकान नाही, तुझं नाव सांगेन. पारापर्यंत ऐकू जाईल असं.

आण मोडल्याचा राग आला तर कान उपट. तुझेच आहेत.

तुझा,
पार्बताबाई पोतेवालीचा लेक
नामा