वरचं पाणी

मंगळवार, १८ मार्च

ती. आईस,
सा. न.

इकडे आम्ही सगळे मजेत. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. ते मध्येच तोडता येणार नाही तुला.

तान्ह्या चिमणीला घेऊन मी दुकानात जायला लागले. शिलाईचं काम साचलंय, पण मास्तरांनी ट्रायल रूमच आम्हाला देऊन टाकली आहे. काल एक साहेब नवी पँट हातात धरून पडद्याबाहेर ताटकळत होते. शेवटी वैतागून म्हणाले, "आत कोण आहे एवढा वेळ?" मास्तर मान वर न करता म्हणाले, "मालकीणबाई जेवताहेत." साहेब पँट घेऊन मुकाट्याने घरी गेले.

मागे तू विचारलंस, तिचं वजन का वाढत नाही. मी "वाढेल गं" म्हणून टाळलं. खरं म्हणजे नर्सबाईंनी बजावलं होतं, पुढच्या खेपेला काटा सरकला नाही तर पावडरचं दूध सुरू करायचं. मला रडू आवरेना. सहा महिने फक्त अंगावर पाजायचं, एवढं एकच मनाशी धरलं होतं, तेही जमू नये?

मग एका दुपारी स्वयंपाकघरात गेले, तर सासूबाई तिला मांडीवर घेऊन चमच्याने कोमट पाणी पाजत होत्या. रोजच, माझ्या पाजण्याआधी. पोट पाण्यानेच भरल्यावर ती दूध कशाला ओढेल? मी म्हटलं, "अहो आई, पाण्याचा थेंबसुद्धा नको म्हणाल्या होत्या ना नर्सबाई!"

त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. "अगं, मलाही पटत नव्हतं. पण विहीणबाई जाताना बजावून गेल्या. त्यांचा शब्द कसा मोडायचा?"

आई, रागावू नकोस. मी एक दिवस रागावले, दोघींवरही. मग हसूच आलं. तुम्ही एकमेकींचा मान राखताय आणि मधल्यामध्ये चिमणी उपाशी!

तू का सांगितलंस, तेही कळतं मला. तुझं दूध मला पुरलं नाही, वरचं द्यावं लागलं, हे तू अजून मनाला लावून घेतेस. अगं, त्या दुधावर वाढलेली मी आता दारात मावत नाही. सोड ते आता.

पाणी त्याच दिवशी बंद केलं. आता सासूबाई चिमणीला सोडून माझ्या मागे लागल्यात; ताट रिकामं दिसलं की वाढायला हजर. आज वजन केलं. नर्सबाईंनी काटा दोनदा बघितला आणि म्हणाल्या, "हेच चालू ठेवा."

तू येतेयस, लवकर ये. पिशवीत पावडरचा डबा भरला असशील, तर काढून ठेव. आपल्याकडच्या बायकांचं दूध पुरत नाही, म्हणतेस ना नेहमी?

पुरतंय, आई.

तुझी,
वरच्या दुधावरची लेक