कोसमटोल्याच्या खोलीच्या किल्ल्या

प्रिय अनुराधा विनायक कापगते,

पूर्ण नावाने संबोधिले म्हणून हसू नकोस. विवाह ठरल्यानंतर मी तुला पाठवलेल्या पहिल्या पत्रातही असेच पूर्ण नाव घातले होते, माहेरच्या आडनावासह, आणि तुझे उत्तर आले होते, "पत्र मिळाले. न्यायालयात कधी हजर राहू?" महाविद्यालयात व्यावसायिक पत्रव्यवहार शिकवणाऱ्या माणसाला दुसरा मायना कोठून सुचावा? तू गेल्यावरही तो सुचत नाही.

आज लिहिण्याचे कारण असे की, मी आजच बिरस्यापलीकडच्या कोसमटोला या खेड्याहून परतलो. तू दौऱ्यावरून आलीस की चपला काढता काढताच तुझा वृत्तांत सुरू होई. कोणत्या गावी ऊन चांगले मिळाले, कोठे माकडांनी तारा ओढल्या, कोणी जेवू घातले! मी वर्तमानपत्रामागून हुंकार देत असे. आज दौरा माझा झाला आहे आणि वृत्तांत माझ्यापाशी साठला आहे. तो दुसऱ्या कोणाला सांगू?

लालबर्ऱ्याजवळच्या तुझ्या गावी आम्ही तुला पाहायला आलो होतो, ते आठवते ना? घराण्यातून जबलपूरला राहून अभियांत्रिकी शिकलेली तू पहिलीच मुलगी, आणि त्याचे समर्थन करता करता तुझ्या वडिलांना घाम फुटला होता. माझ्या मामांनी विचारले, "पोरगी काम काय करते जी?"

डोक्यावरचा पदर ढळू न देता तू म्हणालीस, "उन्हाचं."

"उन्हाचं? म्हंजे पापड-कुरड्या?"

"हौ मामाजी. फक्त माझे पापड काचेचे असतात, अन् त्यायच्यावर बल्ब लागते."

मामा हसले नाहीत. माझी आईही हसली नाही. मी हसलो, आणि आपले लग्न त्याच क्षणी ठरले, असे मी आजही मानतो.

मग पहिला पेच पडला तो गच्चीचा! खाली सासरा बसलेला, देवघरात देव बसलेले. त्यांच्या डोक्यावर सुनेचे पाय कसे पडावेत? बालाघाटात सरकारी नोकऱ्या करण्यात पिढ्या गेल्या, तरी ही रीत आपल्या घरातून सुटली नव्हती. आणि तुझा तर व्यवसायच छपरांचा! शाळांच्या, दवाखान्यांच्या, पंचायतींच्या छपरांवर तू सौर पॅनेल बसवीत होतीस. घरच्या गच्चीवर मात्र पाण्याच्या टाकीपर्यंत जाण्यासही तुला मनाई होती.

ती टाकी वाहू लागली तो दिवस तू किती वेळा सांगून हसायचीस! मला उंचीची भोवळ येते, चढणार कोण? अखेर तडजोड झाली. आईने सारे देव तबकात घेतले, अंगणात खाट टाकली आणि तबक मांडीवर घेऊन ती बसली. शेजारी खुर्चीवर बाबा. घर रिकामे झाल्यावर तू वर गेलीस. थोड्याच वेळात आई ओरडली, "काहून वं, झालं का नाही? देवायले ऊन लागून राह्यलं!"

"होते आई! देवायले म्हणा, तंवर उन्हाचा अभ्यास करा!"

बाबांना हसता हसता ठसका लागला होता. ते गेले तेव्हा तू मला हीच गोष्ट सांगून रडली होतीस.

त्यानंतर तू घरच्या गच्चीवर कधीच चढली नाहीस. तुमच्याच घरावर पॅनेल का नाहीत, असे शेजारी विचारीत, आणि तू म्हणायचीस, "आमचे देव म्हातारे झाले, त्यायले घडीघडी उठवणं बरं नाही." आज विचारतो, रागाने नव्हे: एकदा तरी हट्ट का केला नाहीस? तू आईचा मान राखलास, हे मान्य. पण आईला आपले मन बदलण्याची संधी तरी द्यायची होतीस! ती ते बदलू शकते, हे मी आज डोळ्यांनी पाहून आलो.

कोसमटोला तुला सर्वांत प्रिय होते. विजेचे खांब जंगलाच्या कडेलाच थांबलेले. तेथे तू बॅटऱ्यांसाठी एक पक्की खोली उभारून घेतलीस, तिच्या छतावर पॅनेल बसवलीस, घरोघरी दिवे नेलेस आणि विहिरीवर पंप चालू केलास. बायकांची नाल्यावरची फेरी सुटली. गावच्या मुकद्दमांची, म्हणजे गावप्रमुखांची, सून रामकली हिला तू सारे काम शिकवलेस. एकच काम तिला करता येत नव्हते: छतावर चढून पॅनेल पुसणे. खोलीच्या पडवीत तिचे सासरे व वडीलधारी मंडळी बसत, आणि रीत तेथेही तीच! गावातला एक तरुण एकदा चढला, तर त्याने पॅनेलवरच पाय दिला आणि काच तडकली. तेव्हापासून दर खेपेस तूच चढायचीस. तू बाहेरची, तुला रीत लागू नव्हती.

पावसाळ्याच्या अखेरीस तू तिकडून ताप घेऊन आलीस. मलेरिया मेंदूपर्यंत गेला. गोंदियाच्या रुग्णालयात मी तुला बोलती नेली आणि निःशब्द परत आणली. याहून अधिक या विषयावर मला लिहिता येणार नाही.

तेराव्याला कोसमटोल्याहून दोन वृद्ध आले. हळदीने पिवळ्या केलेल्या फडक्यात बांधलेल्या दोन किल्ल्या त्यांनी माझ्या हाती ठेवल्या. "बाई की अमानत है," एवढेच म्हणाले आणि पाणीही न घेता परतले. मी ती तुझी आठवण समजलो. किल्ल्या तुझ्या तसबिरीखाली ठेवल्या आणि रोज त्यांच्यावर फूल वाहू लागलो. मी तरी दुसरे काय समजणार होतो?

अर्थ कळला तो परवा, रामकली स्वतः आली तेव्हा. ती फाटकाबाहेरच उभी राहिली. आईने पुष्कळ आग्रह केला, "अंदर आ ना वं! बाहर काहून खडी है?"

"नहीं अम्मा. चाबी माँगने नहीं आई. बस पूछने आई हूँ, साहब कब आएँगे."

"कहाँ?" मी विचारले.

"खोलने."

त्या गावात माणूस गेला की, त्याच्या घरच्याने येऊन हात लावल्याखेरीज त्याचा नांगर कोणी जुंपत नाही. तुझा नांगर म्हणजे ती खोली! त्यांनी खटका बंद केला, कुलूप घातले, किल्ल्या माझ्या घरी पोहोचवल्या आणि घरधनी येऊन उघडील म्हणून वाट पाहत बसले. दुःखातल्या माणसाला बोलावणे धाडणे त्यांना प्रशस्त वाटेना. इकडे मी फुले वाहत बसलो! तुझ्या सन्मानार्थ सारे गाव अंधारात बसले होते, अनुराधा, आणि बायका पुन्हा नाल्याच्या वाटेला लागल्या होत्या. दोन्ही बाजूंच्या सभ्यतेने मिळून तुझे काम बंद पाडले होते!

"बैटरी मर जाएगी, साहब," रामकली हळूच म्हणाली. "दीदी कहती थी, इसको भूखी मत रखना."

मी तसबिरीपाशी गेलो. पण किल्ल्या उचलवेनात. ज्या वस्तूला तुझ्या बोटांची सवय होती, अशी आणखी कोणती वस्तू माझ्यापाशी उरली आहे? मी म्हणालो, पुढील आठवड्यात पाहू. सध्या परीक्षा आहेत.

"परीक्षा तुही हाये का पोरायची?" आई कडाडली. तिने फूल बाजूला सारले, किल्ल्या उचलल्या आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधल्या. "चाल विनू. मले बी पाह्यचं हाये तिचं ऊन."

आज सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा पडवीत सारे जमलेले होते. आईने पदराची गाठ सोडून किल्ल्या माझ्या हाती दिल्या आणि मी पहिली किल्ली भलत्याच बाजूने घातली. दार उघडले. भिंतीवर खुंटीला तुझी उन्हाची टोपी होती. तिच्याविषयी मला कोणी आधी का सांगितले नाही?

रामकलीने खटका वर केला. यंत्रावरचा काटा जेमतेम हलला आणि थांबला. तिने छताकडे पाहिले. "प्लेट पर धूल है साहब. पत्ते भी गिरे होंगे."

सगळे वर पाहू लागले, मग एकमेकांकडे. मी कोट काढला आणि शिडी धरली. दुसऱ्या पायरीवर माझे डोळे मिटले, ते मला खाली उतरवून घेईपर्यंत उघडले नाहीत. येथे तू हसणार, हे मला ठाऊक आहे!

रामकलीने पदर खोचला. तिचे सासरे उठून उभे राहिले. "बहू नहीं चढ़ेगी," ते म्हणाले. स्वरात राग नव्हता. बाबांना वाटला असता तसाच संकोच होता. "नीचे हम लोग बैठते हैं."

रामकलीने खोचलेला पदर सोडला.

तेव्हा आई काठी टेकीत खोलीत शिरली आणि बॅटऱ्यांशेजारी, छताच्या अगदी मधोमध, फरशीवर बसली. "मुकद्दमजी," तिने आपल्या हिंदीत हाक मारली, "मेरी सून एक बार चढी, तो मैं देवायले लेके आँगन में बैठी. देवों को कुछ नहीं हुआ. जरा धूप लगी, बस! अब मैं इधर बैठी. पाप गिरेगा तो पहले मेरे ऊपर गिरेगा." मग दाराकडे तोंड करून ती म्हणाली, "चढ वं रामकली! मी बसली खाली."

मुकद्दम बराच वेळ दारात उभे होते. मग खांद्यावरचा गमछा झटकून आत आले आणि आईपासून अंतर राखून बसले.

वर पावले वाजू लागली. आईने आपला पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला, वडीलधारे माणूस समोर आले असता ओढतात तसा. तो तिने कोणासाठी ओढला, हे मी विचारले नाही.

थोड्या वेळाने ती त्या टाकीच्या दिवसासारखीच ओरडली, "काहून वं, झालं का नाही?"

"हो गया अम्मा!" वरून उत्तर आले.

छतावरून सुनेचा आवाज आला, अनुराधा! आईचा चेहरा मला पाहवला नाही. मी यंत्राकडे पाहत राहिलो. काटा चढत होता. बाहेर पंप धडधडला आणि पोरांनी एकच गिल्ला केला.

परतताना बैहरच्या अलीकडे गाडीत आई म्हणाली, "आपल्या गच्चीवर बी लाव ते. देवघराच्या वरच. रामकलीले बोलाव."

"आणि देव?" मी विचारले.

"देव कुठी नाई जात. होईल त्यायले सवय."

तेव्हा वचन देतो: आपल्या गच्चीवर पॅनेल बसतील, त्या दिवशी देव देवघरातच असतील आणि मी त्यांच्यासमोर बसेन. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर मी स्वतः कोसमटोल्यास जाईन आणि येऊन तुला वृत्तांत सांगेन, चपला काढता काढताच. शिडीची तिसरी पायरीही चढेन. त्यापुढचे वचन मागू नकोस.

एवढे नोंदवून थांबतो. तुझी टोपी मी खुंटीवरच राहू दिली. हळदीचे फडके मात्र माझ्यापाशीच ठेवले आहे. निघण्यापूर्वी रामकलीने खोलीचे दार ओढले, कुलूप मी लावले, एकदा ओढून पाहिले, आणि दोन्ही किल्ल्या तिच्या हाती परत दिल्या.

तुझा,
विनायक